मातीतून गादीवर : स्पर्धेआधीच्या आठ आठवड्यांत पैलवानाची तयारी कशी करावी

जत्रेच्या मैदानात कुस्ती सहसा चितपट होईपर्यंत चालते. गादीवर, म्हणजे मॅटवर, तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंद विश्रांती आणि फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की तिथेच निकाल. मातीत तासभर न दमणारा पोरगा जिल्ह्याच्या निवड चाचणीत दोन मिनिटांत हरून बाहेर येतो, तो बहुतेक वेळा ताकद कमी पडली म्हणून नव्हे, तर या वेळेची आणि गुणांची सवयच नव्हती म्हणून. आपल्याकडे महाराष्ट्र केसरीत माती गटाचा आणि गादी गटाचा विजेता गदेसाठी समोरासमोर येतात. त्यामुळे मातीतल्या पैलवानालाही गादी टाळून चालत नाही. पुढचा क्रम अठरा वर्षांवरचा पैलवान, त्याचा वस्ताद आणि घरी त्याचा खुराक सांभाळणारी माणसे यांच्यासाठी आहे.

पहिल्या आठवड्यात वजन गट ठरवा

सरावाच्या आधी हे काम. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा. सलग सात सकाळचे आकडे वहीत लिहा आणि त्यांची सरासरी काढा. ती ७६.५ किलो आली तर आठ आठवड्यांत ७४ च्या गटात जाणे शक्य आहे, कारण आठवड्याला अर्धा किलो हा वेग अंगाला सोसतो आणि ताकदही टिकते. सरासरी ८० आली तर ७४ चा विचार सोडा आणि ७९ च्या गटात उतरा. ‘खालच्या गटात जोड (समोरचे पैलवान) हलके मिळतात’ हा सल्ला तालमीत सगळेच देतात. पण खालच्या गटात समोर येणारा पैलवानही वरूनच उतरून आलेला असतो, हे विसरले जाते.

वजन उतरवताना दूध, अंडी, मटण, डाळी तोडू नका. तूप, थंडाईतली साखर, रात्रीचा जास्तीचा भात आणि तळलेले आधी कमी करा. ७४ किलोच्या पैलवानाला दिवसाला साधारण १२० ते १५० ग्रॅम प्रथिने लागतात. अर्धा लिटर दुधात सुमारे १६ ग्रॅम आणि एका अंड्यात ६ ग्रॅम असतात, यावरून हिशेब मांडा. शाकाहारी असाल तर चणे, सोयाबीन आणि पनीर वाढवा. सरावाआधी थोडी भाकरी किंवा केळी पोटात हवीच. नुसत्या प्रथिनांवर सहा मिनिटांची कुस्ती निघत नाही.

आता जे अजिबात करू नये ते. रबरी सूट घालून धावणे, दोन दिवस पाणी तोडणे, थुंकून थुंकून वजन उतरवणे, लघवीच्या गोळ्या घेणे. १९९७ साली अमेरिकेत अशा घाईच्या वजन घटवण्यापायी महिनाभरात तीन महाविद्यालयीन पैलवानांचा जीव गेला. त्यानंतर तिथे महाविद्यालयीन कुस्तीत रबरी सूट आणि वाफेच्या खोल्या यांवर बंदी आली. लघवीच्या गोळ्या उत्तेजक चाचणीच्या यादीत बाराही महिने निषिद्ध आहेत, म्हणजे जीव वाचला तरी कारकीर्द जाऊ शकते. आणि चौदा-पंधरा वर्षांच्या पोराचे वजन कोणीही उतरवू नये. ते वाढीचे वय आहे. जो गट बसतो त्यात लढू द्या.

दुसरा ते चौथा आठवडा : पाया आणि पाय

जोर, बैठका, सपाट्या, दोर चढणे हे चालू ठेवा. जुन्या मेहनतीत खोट काही नाही. फक्त आठवड्यातून दोन दिवस वजन उचलण्याचा व्यायाम जोडा आणि हजार बैठकांचा आग्रह सोडा. इथे हवी ती झटक्याची ताकद.

खरा बदल पायांत करायचा आहे. मातीत पाऊल थोडे रुतते आणि घसरते. गादीवर बूट चिकटून राहतो, अंग फिरते आणि गुडघा तिथेच राहतो. गुडघ्याचे लिगामेंट फाटते ते असेच. म्हणून पहिले दोन आठवडे गादीवर नुसते पदलालित्य करा : खाली बसक्या पवित्र्यात पुढे-मागे, बाजूला, पंजावर वळणे. त्यानंतर एकेरी पट, दुहेरी पट (जोडाचा एक किंवा दोन्ही पाय धरून त्याला खाली घेणे), आधी विरोधाशिवाय, मग अर्ध्या विरोधाने.

पकडीही बदलतात. मातीत जांघिया धरता येतो आणि घामावर माती टाकून हात बसवता येतो. गादीवर पोशाख धरला की पंच टोकतात आणि घामाचे अंग निसटते. त्यामुळे मनगट, कोपर, मान आणि काख यांवरच्या पकडी रोज वीस मिनिटे वेगळ्या घोटा. जोडाला खाली घेतल्यावर थांबण्याची सवयही मोडायला हवी. मातीतला पैलवान खाली घेऊन दम खातो, पुढचा डाव शोधतो. गादीवर जोडाला खाली घेऊन ताबा मिळवल्याचे दोन गुण मिळाले की त्याच श्वासात कमरेला कव घालून लोळवायचे. एकदा फिरवले की आणखी दोन. दहा गुण असेच भराभर होतात.

पाचवा ते सातवा आठवडा : घड्याळावर लढत

आठवड्यातून दोनदा हा सराव करा. एक पैलवान मध्ये, भोवती चार ताजे जोड. दर मिनिटाला शिट्टी, आधीचा जोड बाहेर, नवा आत. तीन मिनिटांनी तीस सेकंद थांबा आणि पुन्हा तीन मिनिटे. मधल्याला बदली नाही. वस्तादाने चौथ्या-पाचव्या मिनिटाला नीट पाहावे. हात कमरेपर्यंत उतरतात, पाय सरळ होतात, डोके वर येते आणि नेमका तेव्हाच पट निघतो. तिथे ओरडून उपयोग नाही. ‘डोके जोडाच्या कपाळाला लाव’ एवढी एकच सूचना द्या आणि ती अंगात बसेपर्यंत दुसरी देऊ नका.

स्पर्धेत एकाच दिवशी तीन-चार कुस्त्या येऊ शकतात. म्हणून सातव्या आठवड्यात एक दिवस तशीच चार लढतींची रंगीत तालीम घ्या. दोन लढतींत अर्धा तास. त्या वेळात अंग गार पडू द्यायचे नाही, घोट घोट पाणी आणि एखादे केळे घ्यायचे.

नियम पाठ हवेत. जोडाला रेषेबाहेर ढकलले तर एक गुण मिळतो, मातीतल्या पोराला हे माहीत असते पण सुचत नाही. नुसते बचाव करत राहिले तर आधी ताकीद मिळते. पुन्हा तसेच केले तर तीस सेकंदांची मुदत लागते आणि तेवढ्यात कोणालाच गुण घेता आला नाही तर समोरच्याला गुण जातो. आणि एक-एक अशी बरोबरी असेल तर शेवटचा गुण ज्याचा, तो जिंकतो. म्हणून ‘चाळीस सेकंद उरलेत, एका गुणाने मागे’ अशी परिस्थिती देऊन रोज दोन-तीन लढती लावा.

आठवा आठवडा

मेहनत निम्मी करा, वेग तोच ठेवा. नवा डाव, नवे बूट, नवी पावडर काही नको. नखे कापा. गजकर्ण किंवा फोड असेल तर आधीच त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, वजनाच्या वेळच्या तपासणीत त्यावरून बाहेर काढतात. वयाचा दाखला आणि आधार कार्ड पिशवीत ठेवा. या आठवड्याच्या सुरुवातीला वजन गटापेक्षा फार तर एक-दीड किलो वर असावे. तेवढे मीठ आणि जेवण थोडे कमी करून उतरते.

वजन सकाळी, कुस्त्या त्याच दिवशी. वजन झाले की आधी ओआरएस किंवा मीठ-साखरेचे पाणी, घोटाघोटाने. या शेवटच्या दिवसांत जेवढे किलो उतरवले, त्याच्या दीडपट लिटर पाणी हळूहळू परत जायला हवे. मग भात, केळी, थोडे दही. तुपाचा शिरा आणि मटण संध्याकाळवर ठेवा, ते पोटात बसून राहते.

मोठ्या स्पर्धांत एक गट दोन दिवस चालतो आणि अंतिम फेरीतल्या पैलवानाचे दुसऱ्या सकाळी पुन्हा वजन होते. पॅरिसला २०२४ मध्ये ५० किलो गटाची अंतिम फेरी गाठूनही विनेश फोगाट १०० ग्रॅमसाठी अपात्र ठरली, ते याच दुसऱ्या वजनात. त्याच ऑलिंपिकमध्ये ५७ किलोत कांस्य मिळवणाऱ्या अमन सेहरावतला उपांत्य फेरीनंतर एका रात्रीत साडेचार किलोहून जास्त उतरवावे लागले. प्रशिक्षक रात्रभर त्याच्या सोबत होते. जिल्हा पातळीवरच्या पोराजवळ रात्री तसे कोणी नसते, म्हणून त्याच्यावर ती वेळच येऊ देऊ नका. पहिल्या दिवसाची शेवटची कुस्ती संपली की कपडे बदलण्याआधी त्याला काट्यावर उभे करा. रात्री किती खायचे-प्यायचे ते तो आकडा पाहून ठरवा आणि झोपण्यापूर्वी पुन्हा एकदा वजन बघा. झोपेत साधारण अर्धा किलो आपोआप उतरतो, तेवढीच सूट धरा.