गाडीला रॅप लावताय? पत्रा तयार करताना या चुका टाळा

रॅप म्हणजे गाडीच्या रंगावर चिकटवायची विनाइलची पातळ फिल्म. तिची कड सुटली की लोक आधी विनाइलला नावं ठेवतात. मी सुटलेली कड उलटी करून तिची चिकटाची बाजू बघतो. बहुतेक वेळा तिथे मातीची तपकिरी रेघ असते. माल चांगला, खालचा पत्रा घाण.

दिसतं तेवढंच पुसणं

या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग आहे. भोसरीच्या आमच्या दुकानात एक पांढरी सेडान परत आली. बॉनेटवर काळा सॅटिन रॅप, लावून जेमतेम आठवडा झालेला. एक्सप्रेसवेवरून मुंबईला एक फेरी झाली आणि पुढची कड वीतभर सुटून फडफडायला लागली. काम नव्या मुलाने केलं होतं. वरचा पत्रा त्याने तीनदा पुसला होता, त्यात काही खोट नव्हती. पण रॅप बॉनेटच्या कडेवरून खाली दुमडून चिकटवतात. तिथे मी बोट फिरवलं, तर बोटाला काळा, ओशट थर लागला. दुमडताना ताणलेला रॅप मागे ओढला जाणारच. त्याला धरून ठेवायचं काम चिकटाचं, आणि इथे चिकटाने धुळीलाच धरलं होतं. गाडी सोडण्याआधी ती कड मी तपासायला हवी होती.

तेव्हापासून आमच्याकडे पुसायला सुरुवात कडांपासून होते. आइस्क्रीमच्या काडीला मायक्रोफायबरची पट्टी गुंडाळायची, आयपीएत (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) बुडवायची आणि बॉनेटची खालची बाजू, दरवाजांच्या आतल्या कडा, डिकीचा काठ, पेट्रोलच्या झाकणाचा खळगा, बीडिंगच्या फटी असं फिरायचं. पट्टी पांढरी निघेपर्यंत. कडांनाच दोन तास जातात. घाईतल्या पोरांना हे पटत नाही, त्यांना रोल उघडायचा असतो. मी उघडू देत नाही.

आयपीए मारून वाऱ्यावर सोडणं

आम्ही 70 टक्के आयपीए आणि 30 टक्के पाणी घेतो. एका हातात ओलं फडकं, दुसऱ्या हातात कोरडं. ओल्याने पुसलेलं उडून जायच्या आत कोरड्याने टिपायचं. नाहीतर सुटलेलं मेण जिथल्या तिथे परत बसतं. रंगावर सिरॅमिक कोटिंगचा कडक संरक्षक थर असेल तर नुसत्या आयपीएने भागत नाही, तो कंपाउंडने (घासायच्या पेस्टने) घासून उतरवावा लागतो.

डांबराला रॉकेल

डांबर जातं, तेल राहतं. टार रिमूव्हर वापरा, त्यावर शॅम्पू, मग आयपीए. टायर पॉलिशचा डबा तर त्या दिवशी गाडीजवळ आणूच नका, त्यातलं सिलिकॉन फेंडरवर उडतं.

क्ले बार टाळणं

धुतलेल्या पत्र्यावर हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवा. नुसत्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागला, तर क्ले बार, म्हणजे पत्र्याला चिकटलेली घाण ओढून काढणारा मातीसारखा मऊ गोळा, फिरवायचा बाकी आहे.

"रॅपखाली झाकलं जाईल"

नाही झाकलं जात. रॅपची जाडी साधारण 0.1 मिलिमीटर. खडीचा टवका, पुट्टीची लाट, सगळं वर दिसतं, ग्लॉसमध्ये तर जास्तच.

रंगकाम लपवणं

गाडीमालकांनो, कुठला पॅनल नंतर रंगवला असेल तर आधी सांगा. एकाने सांगितलं नाही. फेंडरवर रॅप जरा वाकडा बसला म्हणून मी उचलला, तर त्याच्याबरोबर तळहाताएवढा रंग आला आणि खाली गुलाबी पुट्टी उघडी पडली. कंपनीच्या रंगावर असं सहसा होत नाही. घाईत मारलेला रंग मात्र खाली घट्ट धरत नाही. ताजा रंग असेल तर मी किमान 30 दिवस थांबायला लावतो, कारण आतला थिनर बाहेर पडत राहतो आणि रॅपखाली फुगे येतात. शंका आली की कोपऱ्यात चांगली टेप दाबून लावतो आणि झटक्यात ओढतो. टेपला रंग लागला, तर काम घेत नाही. गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल.

सकाळी धुऊन दुपारी रॅप

पावसाळ्यात तर नकोच. आम्ही गाडी आदल्या संध्याकाळी धुतो, हँडल, आरसे आणि नंबरप्लेटच्या मागे एअर मारतो, रात्रभर आत उभी ठेवतो. तरीही सकाळी आरशावर हलकी थाप मारून बघतो. पुष्कळदा त्यातून अजून एक थेंब दरवाजावर ओघळतो.