जुनी रॅले हवीये? मग नाशकात अशी शोधा

"एक जुनी रॅले पाहिजे यार" एवढंच म्हणत बसलात तर दहा वर्षांनी पण हेच म्हणत असाल. आधी नक्की कुठली ते ठरवा, कारण या नावाची सायकल एक इंग्लंडच्या नॉटिंगहॅमला बनलेली असते आणि दुसरी आपल्याकडं आसनसोलला बनलेली सेन-रॅले, आणि विकणारा दोन्हीला 'ओरिजिनल इंग्लंड'च म्हणतो. सेन-रॅले वाईट नाहीच, पण इंग्लंडचे पैसे देऊन आसनसोल घरी आणू नका, पुढचा बिल्ला नीट वाचा. मग चाक. २८ इंची काळी, रॉड ब्रेकवाली भारदस्त सायकल हवी की २६ इंची केबल ब्रेकवाली हलकी? आणि मधला दांडा दोन पायांच्या मध्ये घेऊन उभं राहून बघायचं, दोन्ही पाय जमिनीला नीट टेकले पाहिजेत. २४ इंची फ्रेम फोटोत राजेशाही दिसते हो, पण सिग्नलला उतरताना कळतं काय ते.

आता शोधायची कुठं. ॲपवर बघा, बघू नका असं नाही म्हणत, पण तिथं येईपर्यंत तिला 'विंटेज' शब्द चिकटलेला असतो आणि किंमत वर गेलेली असते. खरा माल अजून घरांमध्ये आहे. नाशिक रोडला नोटा छापायच्या प्रेसमध्ये सायकलवर ड्युटीला जाणारी एक अख्खी पिढी होती, रेल्वेतले लोक होते, देवळाली कॅम्पात जुने बंगले आहेत, आणि जुन्या नाशकात, पंचवटीत जे वाडे पाडून बिल्डिंगी होतायत त्यांच्या जिन्याखाली काय काय निघतं विचारू नका. दिवाळीआधी माळे आवरायला निघतात ना, त्या दिवसांत शोध सगळ्यात जोरात ठेवायचा. एकदा भंगारवाल्याचा काटा लागला की सायकल किलोवर जाते.

आणि जुने सायकलवाले मिस्त्री, हे खरे गुगल. पंक्चर काढायला म्हणून जा, चहा सांगा, आणि मोबाईलमधला फोटो दाखवण्यापेक्षा कागदावर मोठी प्रिंट नेऊन तिथंच ठेवून या, मागं तुमचा नंबर लिहून. रॅलेच्या बिल्ल्यावर बगळ्याचं तोंड असतं आणि बऱ्याच मॉडेलांच्या पेडलजवळच्या दातेरी चक्रातपण बगळेच कापलेले असतात, मिस्त्रींना मॉडेलचं नाव नाही आठवत पण ते बगळे बरोब्बर आठवतात. मधून मधून चक्कर मारत राहा, नाहीतर ते विसरतात. नाशकातल्या सायकलवेड्यांचं बहुतेक लक्ष नव्या कार्बनच्या सायकलींवर (२०१५ ला नाशिकचे महाजन बंधू सायकलवर अमेरिका आरपार करून आल्यापासून तर विचारूच नका), त्यामुळे या जुन्या लोखंडाला गिऱ्हाईक कमी, आपल्या फायद्याचंच आहे.

घरात सायकल सापडली की लगेच भाव नाही काढायचा राव. कोण चालवायचं, कुठं जायचे ते विचारा, दोन गोष्टी ऐका. "काकू, चालवायला नेतोय, भंगारात नाही घालणार" हे एक वाक्य पैशांपेक्षा जास्त काम करतं, अर्थात खरं असेल तरच म्हणा.

तपासताना गंजाला घाबरू नका, वरवरचा गंज निघतो. बघायचा तो चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन पाय. बाजूनं बघा, मागं दाबला गेलाय का, आणि हॅन्डलखाली जिथं दांडे जोडलेत तिथं खालच्या बाजूला रंगाला चिरा किंवा फुगवटा आहे का. असेल तर कुठंतरी जोरात धडकलीय, सोडून द्या, कितीही जीव अडकला तरी. चाकाचा आऊट, म्हणजे डुगडुग, काढता येतो, पेडलचे दांडे धरणाऱ्या कॉटर पिना बदलता येतात, सीट मिळते.

तीन गियरवाली असेल तर मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या डब्यावर, वेळ घाला, गियर त्यातच असतात. स्टर्मी-आर्चर कंपनीच्या तीन गियरच्या एडब्ल्यू हबच्या कवचावर आकडे ठोकलेले असतात, वर्ष आणि महिना, म्हणजे ६२ आणि ४ दिसलं तर एप्रिल १९६२. अर्थात ती तारीख हबची, चाक नंतर बदललेलं असू शकतं. दुसऱ्या गियरला चाक मागच्या दातेरी चक्राबरोबर सरळ फिरतं, पहिल्याला पाव भागानं हळू, तिसऱ्याला एक तृतीयांशानं जास्त. चालवून बघायची तर गोदाकाठावरून रविवार कारंजाकडं चढत या, पहिला गियर खरा की खोटा तिथंच कळेल, आणि तिसरा सकाळी लवकर गंगापूर रोडला. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये पेडल एकदम मोकळं फिरलं तर हब गेला म्हणून भाव पाडून मागा, पण मनातून घाबरू नका, बहुतेक वेळा केबलच ढिली असते. दुसऱ्या गियरवर टाकून उजव्या नटाच्या खिडकीतून आत बघा, गियरच्या बारीक साखळीची दांडी बरोबर एक्सलच्या टोकाशी आली पाहिजे, तेवढं जुळवलं की गियर बसतो. नाही जुळवलं तर मात्र उभं राहून पेडल मारू नका, तोंडावर पडाल.

सायकलला आरसीबुक नसतं, म्हणून साध्या कागदावर का होईना, फ्रेम नंबर, तारीख, किंमत लिहून मालकाची सही घ्या. चोरीची निघाली तर डोक्याला ताप नको.

घरी आणली की पहिलं ओव्हरऑईल, म्हणजे सगळी खोलून साफसफाई आणि तेलपाणी, पण मिस्त्रीशेजारी बसून करून घ्या. हबमध्ये ग्रीस ठासायचं नाही, वरच्या झाकणातून पातळ तेलाचे थोडे थेंब, बास. आणि फ्रेमच्या तळाशी पेडलचे दांडे जोडणारा जो एक्सल असतो त्याचे दोन्ही कप खराब दिसले तरी फेकू द्यायचे नाहीत, कारण नॉटिंगहॅमच्या रॅलेचे आटे इंचाला २६ असतात आणि दुकानात मिळतात ते २४ चे, ते जोर लावून बसवले की फ्रेमच गेली. टायर-ट्यूबची काळजी नको, २८ दीडचे तर कुठल्याही दुकानात मिळतील, २६ ला एक-तीन-अष्टमांश मागायचे, बऱ्याच लेडीज सायकलींना तेच लागतात. रंग मात्र लगेच काढायला देऊ नका, आधी नुसती पुसून, तेल लावून महिनाभर चालवा आणि मग ठरवा.