लाईव्हचा बॅनर करताय? कोपरा मोकळा सोडा

कॉलेजच्या स्टुडंट चॅनलवर गॅदरिंग नाहीतर कबड्डी लाईव्ह दाखवणार असाल तर युट्यूब थंबनेल (व्हिडिओ उघडायच्या आधी दिसणारं चित्र) १२८० बाय ७२० पिक्सेल साईजचं करा आणि खालचा उजवा कोपरा मोकळा ठेवा, तिथं लाईव्हची पट्टी येते आणि नेमकी वेळच झाकून टाकते. प्राचार्य, चेअरमन, पाहुणे सगळ्यांचे फोटो कोंबू नका हो, मोबाईलवर तिळाएवढे दिसतात! कार्यक्रम, वार, वेळ, बस्स. कन्नडमध्येपण एक ओळ टाका की, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-निपाणीकडची पोरं मराठी-कन्नड दोन्ही वाचतात. बॅनर कॉलेजच्या गेटवर लावायचा तर कापडावर छापा, प्लास्टिक फ्लेक्सला कर्नाटकात २०१६ पासून बंदी आहे. लाईव्ह आधीच शेड्यूल केलं की लिंक मिळते, तिचाच क्यूआर टाका, पण छापायच्या आधी स्कॅन करून बघा.