यूटीव्हीवर जादा इंधन नेताना: किती घ्यायचं, कुठे बांधायचं, कसं ओतायचं

तीन तास खडकाळ वाटेने यूटीव्ही (खडबडीत वाटांसाठीची, मागे सामानाचा हौदा असलेली छोटी चारचाकी) हाकून थांबलो, इंजिन बंद केलं आणि नाकात पेट्रोलचा वास शिरला. कॅनचं झाकण घट्ट होतं, अंगावर कुठे ओघळ नव्हता. पट्टे सोडून कॅन उचलला आणि बूड वर केलं, तेव्हा अंगठ्याच्या नखाएवढा पांढुरका चट्टा दिसला. प्लॅस्टिक तिथे घासून पातळ झालं होतं आणि चट्ट्याच्या मधोमध ओला ठिपका होता. हौद्याच्या तळातल्या एका बोल्टचं डोकं तीन तास तेवढ्याच जागी घासत बसलं होतं. त्या बोल्टच्या हातभर खाली सायलेन्सर तापलेला होता.

कॅन चांगल्यातला होता. चुकली होती ती बांधणी, आणि ती मीच केली होती. म्हणून कोणी ‘कुठला कॅन घेऊ?’ असं विचारलं की मी आधी विचारतो, ‘बांधणार कुठे? आणि खरंच किती लागणार आहे?’

आधी हिशेब करा

अवघड वाटेवर ‘लिटरला किती किलोमीटर’ हा आकडा फारसा उपयोगाचा नसतो. चिखलात, वाळूत किंवा लो गियरमध्ये चढ चढताना गाडी जागच्या जागी इंधन पीत राहते. ‘ताशी किती लिटर’ हे माप जास्त भरवशाचं. टाकी काठोकाठ भरा, जिथे जायचं आहे तशाच वाटेवर दोन तास चालवा, परत काठोकाठ भरा. दुसऱ्यांदा जेवढं मावलं त्याला दोनाने भागा.

मग तिसऱ्या हिश्शाचा नियम लावा: एक हिस्सा जायला, एक यायला, एक राखीव. समजा गाडी ताशी ५ लिटर घेते आणि मुक्काम तीन तासांवर आहे. जाऊन-येऊन ३० लिटर झाले, राखीव धरून ४५. टाकी ३५ लिटरची असेल तर जादा लागतात फक्त १०. अशा वेळी २० लिटरचे दोन कॅन ‘असू द्यावेत’ म्हणून लादणं मला पटत नाही. पेट्रोलचा लिटर साधारण पाऊण किलो भरतो, म्हणजे २० लिटर १५ किलो, वर कॅनचं वजन वेगळं. हौद्याची वजनाची मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. तिच्यात पाणी, अवजारं, सुटं चाक हे सगळं धरायचं असतं.

शक्य असेल तर एका मोठ्या कॅनऐवजी दोन लहान घ्या. दोन्ही बाजूंना वजन सारखं राहतं आणि एक फुटला तरी सगळं इंधन जात नाही. वापरायला काढलात की एक पूर्ण रिकामा करा, मगच दुसरा उघडा. अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये पेट्रोल उसळत राहतं आणि वाफही जास्त साठते.

कॅन पारखून घ्या

वीस लिटरचा पोलादी जेरीकॅन जर्मन सैन्यासाठी १९३७ च्या सुमारास तयार झाला. ‘जेरी’ हे ब्रिटिश सैनिकांनी जर्मनांना दिलेलं नाव, तेच कॅनला चिकटलं. ब्रिटिशांचे स्वतःचे पातळ पत्र्याचे डबे उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात इतके गळायचे की त्यांनी शेवटी शत्रूच्या कॅनची नक्कल केली. त्याची रचना आजही बघण्यासारखी आहे. वर तीन मुठी, म्हणजे रिकामे दोन कॅन एका हातात येतात आणि भरलेला एक कॅन दोघांना मिळून उचलता येतो. दोन्ही बाजूंना फुलीच्या आकाराचे खोलगट पन्हाळे आहेत, त्यामुळे आतलं इंधन तापून पसरलं तर पत्र्याला थोडं फुगायला वाव मिळतो. मुठींखालच्या उंचवट्यात हवेची जागा राहते.

आता जाड प्लॅस्टिकचे चपटे कॅनही मिळतात. ते स्वतःच्या कंसावर (ब्रॅकेटवर) बसवून मधल्या चक्रीने आवळता येतात. यूटीव्हीवर मला तेच अधिक सोयीचे वाटतात, कारण ते गंजत नाहीत आणि कंसात बसले की हलत नाहीत. पोलादी असो वा प्लॅस्टिकचा, कॅन इंधनासाठीच बनवलेला असला पाहिजे. पाण्याची बाटली, तेलाचा डबा, औषधफवारणीचा कॅन यांची झाकणं आतला दाब धरायला केलेली नसतात. शिवाय बाटलीतलं पेट्रोल कोणीतरी पाणी समजून तोंडाला लावू शकतं.

अनेक ठिकाणी लाल कॅन पेट्रोलचा आणि पिवळा डिझेलचा मानतात. नुसत्या रंगावर विसंबू नका. अंधारात, घाईत, धुळीने माखलेल्या कॅनवर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं नावच उपयोगी पडतं.

नवा कॅन घेतला की त्याची परीक्षा पाण्याने घ्या. पूर्ण भरा, झाकण आवळा, उलटा करून कोरड्या वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवा. सकाळी कागदावर एक डागही दिसता कामा नये. दिसला तर झाकणातला रबरी वॉशर बदलून परत बघा. त्यानंतर कॅन आतून खडखडीत वाळवल्याशिवाय इंधन भरू नका. ओतायची तोटी प्रवासात वेगळी ठेवा आणि कॅनला सलग झाकणच लावा. तोटीचा सांधा आदळआपट फार काळ सोसत नाही.

बांधणी

पेट्रोलची वाफ हवेच्या तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, खाली उतरते आणि खळग्यात साचते. उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, म्हणजे ‘आज गारवा आहे’ हे कारण चालत नाही. डिझेल या बाबतीत पुष्कळ सोसणारं आहे. त्याला साधारण ५० अंशांच्या वर तापावं लागतं. पण तापलेल्या सायलेन्सरवर सांडलेलं डिझेलही पेटतं.

बहुतेक यूटीव्हींचं इंजिन बैठकीच्या मागे, हौद्याच्या खाली असतं आणि सायलेन्सर मागच्या बाजूला. म्हणजे सामान ठेवायची जी सहज जागा, तिच्याच खाली भट्टी. त्यामुळे कंस पक्का करण्याआधी अर्धा तास गाडी चांगली दामटा, थांबा, आणि हौद्याच्या तळावर व कडांवर तळहात टेकवत जा. एकदम टेकवू नका, आधी हात जवळ नेऊन धग बघा. जिथे तळहात टेकवून ठेवता येत नाही तिथे कॅन नको. बेल्टवर चालणाऱ्या गियरबॉक्सची गरम हवा बाहेर फेकणारी नळी कुठे तोंड काढते तेही बघून ठेवा. ती नेमकी विसरली जाते.

थंड जागा सापडली की त्यातली सर्वांत खालची आणि मागच्या आसाच्या पुढची जागा निवडा. कॅन रोल केजच्या (गाडी उलटली तर माणसांना वाचवणाऱ्या नळ्यांच्या सांगाड्याच्या) रेषेच्या आत राहू द्या. छपरावर चढवलेलं इंधन वळणावर आणि आडव्या उतारावर गाडीला उलटायला मदत करतं. मागच्या टोकाला लटकवलेला कॅन उतरताना दगडावर आधी आपटतो. पुढच्या बंपरवर तर धडक बसण्यासाठीच ठेवल्यासारखा होतो. बैठकीच्या जागेत, त्यातही दारं-काचा असलेल्या केबिनमध्ये, इंधन कधीच ठेवू नका. वाफ तिथेच कोंडते आणि चालवणाऱ्याचं डोकं गरगरायला लागतं.

बुडाखाली जाड रबराचा तुकडा हवाच. आजूबाजूला बोल्टचं डोकं, पत्र्याची धार, वेल्डिंगचा खडबडीत ठिपका आहे का, हे डोळ्यांनी बघून भागत नाही, बोट फिरवा. कंस नसेल तर दोन रॅचेट पट्टे एकमेकांना छेद देऊन लावा. हुकाचे लवचिक दोर कॅनसाठी निरुपयोगी आहेत. धक्का बसला की ते ताणतात आणि कॅन उडी मारतो. प्लॅस्टिकचा कॅन मात्र फार करकचून आवळू नका, उन्हात मऊ पडल्यावर पट्ट्याच्या काठाने त्याला वळ पडतात.

झाल्यावर कॅनची मूठ धरून जोरात हिसडा द्या: पुढे, मागे, आडवा, वर. गाडी हलली पाहिजे, कॅन हलता कामा नये. गाडी उलटली तरी तो तिथेच राहील का, हाच खरा प्रश्न आहे. निघाल्यावर पंधरा मिनिटांनी थांबून पट्टे परत तपासा. पहिला सैलपणा तेवढ्यात येतो.

अग्निशामक कॅनच्या शेजारी बांधू नका. आग तिथे लागली तर तो घ्यायला तुम्ही आगीतच हात घालणार का? चालकाच्या हाताशी ठेवा, कोरड्या पावडरचा, पेटत्या द्रवांवर चालणारा. सततच्या हादऱ्यांनी पावडर तळाला बसून घट्ट होते, म्हणून अधूनमधून काढून उलटा करून हलवा आणि दाबाचा काटा बघा.

भरताना कॅन जमिनीवर

कॅन हौद्यातून उतरवून जमिनीवर ठेवा आणि मगच भरा. नळीतून धावणाऱ्या इंधनामुळे स्थिर वीज तयार होते. प्लॅस्टिकच्या हौद्यावर किंवा रबरावर ठेवलेल्या कॅनमधून तिला जमिनीत उतरायला वाट मिळत नाही. मग नळीचं तोंड आणि कॅन यांच्यामध्ये ठिणगी उडते, तीही नेमकी वाफेत. आधी स्वतःचा हात उघड्या धातूला लावा, नळीचं तोंड कॅनच्या तोंडाला टेकवून ठेवा, सावकाश सोडा.

काठापर्यंत भरू नका. पेट्रोल दर १० अंशांमागे साधारण एक टक्का पसरतं. पहाटे गारठ्यात भरलेले २० लिटर दुपारी ३० अंशांनी तापले तर सुमारे ०.६ लिटर जास्त जागा मागतात. वरचा पाच टक्के भाग मोकळा सोडा. झाकण लावून कॅन पुसा, वास जाईपर्यंत थांबा, मग हौद्यात चढवा.

वाटेत

प्रत्येक थांब्याला आधी नाक लावा, मग बुडाखालून हात फिरवा. वास आला तर इंजिन पुन्हा चालू करू नका. तो कुठून येतोय हे कळलेलं नसताना मारलेला स्टार्टर म्हणजेच एक ठिणगी. उन्हात किंवा घाट चढून वर गेल्यावर कॅन फुगलेला दिसेल. उंचावर बाहेरचा दाब कमी होतो, त्याचा हा परिणाम. सावलीत ठेवा, थोडा निवू द्या, आणि झाकण पाव फेरा फिरवून आतली हवा हळूहळू निघू द्या.

रिकामा झालेला कॅनही त्याच जागी, तसाच आवळून बांधा. त्यात राहिलेली वाफ पेटायला पुरेशी असते.

ओतताना

सपाट जागा बघा, वाळलं गवत टाळा. इंजिन बंद, सगळे खाली, सिगारेट नाही. दहा-पंधरा मिनिटं सायलेन्सर निवू द्या. अंधार पडत असेल तर डोक्यावरचा दिवा कॅन उघडण्याआधीच लावा. अग्निशामक सोबत्याच्या हातात द्या आणि त्याला चार पावलं लांब उभं करा.

टाकीचं झाकण एका दमात उघडणं ही फार धोक्याची सवय आहे. इंजिनाच्या धगीने आणि उंचीमुळे टाकीत दाब साठलेला असतो. झाकण फटकन निघालं तर गरम पेट्रोल उसळून तोंडावर, छातीवर, तिथून सायलेन्सरवर जातं. झाकणावर फडकं टाका, तोंड बाजूला घ्या, किंचित फिरवा. फुस्स आवाज आला तर तिथेच हात थांबवा आणि आवाज पूर्ण थांबेपर्यंत पुढे फिरवू नका.

भरलेला कॅन उचलून ओतणं जड वाटत असेल तर हलवून चालू होणारी सायफन नळी ठेवा. तिच्या टोकाला तांब्याची तोटी आणि आत गोळी असते. कॅनमध्ये बुडवून वरखाली हलवली की प्रवाह सुरू होतो. तोंडाने ओढू नका. थोडं जरी श्वासनलिकेत गेलं तरी फुप्फुसाला सूज येऊ शकते. कोणी गिळलंच तर उलटी करायला लावू नका, थेट डॉक्टरकडे न्या.

सांडलं तर पुसा, गाडी तिथून ढकलून लांब न्या, वास गेल्यावरच चावी फिरवा. कपड्यांवर सांडलं तर शेकोटी, स्टोव्ह आणि गाडीपासून लांब जाऊन ते काढा आणि अंग साबणाने धुवा. पेटलंच तर पाणी मारू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरत जाते.

परतल्यावर

उरलेलं इंधन त्याच संध्याकाळी गाडीच्या टाकीत ओतून टाका. कॅनमध्ये महिनोन्महिने ठेवलं तर पेट्रोल शिळं होतं, आणि इथेनॉल मिसळलेलं असेल तर हवेतली ओल शोषून पाणी तळाला वेगळं होतं. ठेवणं भागच असेल तर कॅनवर भरल्याची तारीख लिहा आणि तो घरापासून वेगळ्या, हवेशीर, सावलीच्या जागी ठेवा. गिझरची ज्योत किंवा फ्रीज असलेली खोली त्यासाठी नको.

मग कॅन उलटा करून बुडावरून अंगठा फिरवा. कुठे खरखरीत लागलं किंवा प्लॅस्टिक पांढरं पडलेलं दिसलं, तर हौद्यात जाऊन नेमकं त्याच जागी काय घासतंय ते शोधा.