थीम पार्कला जाताय? खर्चाच्या या चुका टाळा

सहल ठरली की घरात पहिला प्रश्न येतो, तिकीट कितीला आहे? तो विचारायलाच हवा, पण त्या दिवसाच्या खर्चात तिकीट हा सगळ्यात सरळ भाग असतो. तो आधी कळतो आणि त्यावर शांतपणे विचार करता येतो. फाटकाच्या आतले खर्च तसे नसतात. मूल भुकेजलेलं असतं, मागे रांग लागलेली असते आणि बाहेर जाऊन स्वस्तात काही आणायची सोय नसते. अशा वेळी कुणीच भाव विचारत बसत नाही.

म्हणून माझा आग्रह आहे की एकूण किती पैसे गेले एवढंच पाहू नका. त्या पैशांत घरातल्या प्रत्येकाला किती राइड मिळाल्या, तेही पाहा. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की पुढच्या बहुतेक चुका निघण्याआधीच दिसायला लागतात.

पहिली आणि सगळ्यात महाग चूक: चुकीचा दिवस

१९५५ साली कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड सुरू झालं तेव्हा प्रवेशाचे पैसे वेगळे आणि प्रत्येक राइडचे वेगळे असत. पुढे राइडच्या दर्जानुसार ए, बी, सी, डी, ई अशा कुपनांची पुस्तकं मिळत. १९८२ मध्ये ती पद्धत बंद झाली आणि एकाच तिकिटात सगळ्या राइड आल्या. आज जगातली बहुतेक मोठी पार्क याच पद्धतीने चालतात. ही सोय चांगलीच आहे, पण तिच्यामुळे एक गोष्ट झाकली गेली. कुपन फाडताना एका राइडची किंमत हातात दिसायची. आता ती किंमत रांगेतल्या मिनिटांत मोजावी लागते आणि ती मिनिटं कुठल्याच पावतीवर येत नाहीत.

आकड्यांत पाहू. पार्क दहा तास उघडं आहे. जेवण, चालणं, स्वच्छतागृह यांत दोन तास गेले असं धरा, म्हणजे उरली ४८० मिनिटं. कमी गर्दीच्या दिवशी रांगेसकट एका राइडला सरासरी २० मिनिटं लागली, तर २४ राइड होतात. सुट्टीच्या गर्दीत तासाला एक राइड झाली, तर फक्त ८. आता कमी गर्दीच्या दिवसाचं तिकीट १०० धरा आणि गर्दीच्या दिवसाचं १३०. पहिल्या दिवशी एक राइड चारच्या आसपास पडते, दुसऱ्या दिवशी सोळाच्या वर. तिकीट तीस टक्क्यांनी महाग दिसतं, पण राइड जवळपास चौपट महाग झालेली असते.

डिस्नेलँडने २०१६ मध्ये एका दिवसाच्या तिकिटाला गर्दीनुसार वेगवेगळे दर लावले. आता अनेक पार्कमध्ये तारखेप्रमाणे भाव बदलतो. लोकांना याचा राग येतो, पण त्याचा एक मोठा उपयोगही आहे. ते दरपत्रक म्हणजे पार्कचा स्वतःचा गर्दीचा अंदाज असतो. कुठल्या तारखेला किती लोक येतील हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून स्वस्त तारीख दोनदा स्वस्त पडते, एकदा तिकिटात आणि एकदा रांगेत. मुलांची शाळा एक दिवस बुडवावी की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण सुट्टीतच जायचं असेल तरी सुट्टीच्या सगळ्या दिवसांचा भाव सारखा नसतो. दोन-तीन दिवस मागेपुढे करून पाहा.

मात्र स्वस्त तारीख पकडण्याआधी दोन गोष्टी तपासा. त्या दिवशी पार्क किती वाजता बंद होतं आणि दुरुस्तीसाठी कोणत्या राइड बंद आहेत. कमी गर्दीच्या हंगामातच वेळा कमी करतात आणि मोठ्या राइड देखभालीला काढतात. ज्या एका राइडसाठी मूल महिनाभर वाट पाहतंय तीच बंद असेल, तर त्या स्वस्ताईचा उपयोग नाही.

उशिरा पोचणं

फाटक उघडल्यावर पहिल्या तासात जेवढ्या राइड होतात, तेवढ्या दुपारच्या तीन तासांतही होत नाहीत. तरी बहुतेक कुटुंबं साडेअकरा-बाराला पोचतात. पूर्ण दिवसाचे पैसे भरलेले असतात आणि दिवसाचा सगळ्यात मोलाचा भाग वाहनात गेलेला असतो. फाटक उघडण्याच्या अर्धा तास आधी तिथे असा. आत गेल्यावर दारालगतच्या राइडपाशी थांबू नका, कारण सगळे तिथेच थांबतात. जिची रांग पुढे सर्वांत लांबणार आहे ती राइड आधी उरकून घ्या.

वय आणि उंची न पाहता तिकीट काढणं

मुलांच्या तिकिटाचे नियम पार्कगणिक वेगळे असतात. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही आणि दहाव्या वर्षापासून मोठ्यांचं तिकीट लागतं. टोकियो डिस्नेलँडमध्ये ४ ते ११ वर्षांच्या मुलांचा दर वेगळा आणि १२ ते १७ वर्षांच्या मुलांचा वेगळा. काही पार्कमध्ये वय विचारतच नाहीत, दाराशी उंची मोजतात. त्यामुळे एका पार्कचा अनुभव दुसरीकडे लावू नका. वाढदिवस जवळ आला असेल तर वय तिकीट काढल्याच्या दिवशीचं धरतात की भेटीच्या दिवशीचं, हे वाचून घ्या.

उंचीचा प्रश्न याहून मोठा आहे. मोठ्या रोलरकोस्टरना साधारण १२० ते १४० सेंटिमीटरच्या दरम्यान कुठेतरी किमान उंचीची अट असते. ११७ सेंटिमीटरच्या मुलाला वयामुळे मोठ्यांचं तिकीट पडू शकतं आणि उंचीमुळे मोठ्या राइडवर बसताही येत नाही. पैसे पूर्ण भरायचे आणि राइड अर्ध्या मिळायच्या, शिवाय रांगेच्या टोकाशी जाऊन परत फिरल्यावर होणारं रडणं वेगळंच. मुलाची उंची घरी मोजा, पार्कच्या संकेतस्थळावरची राइडची यादी काढा आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याला कोणत्या राइड चालतील ते लिहा. या यादीला अर्धा तास लागतो. पण दोन पार्कमधून एक निवडायचं असेल, तर याच्याइतकी उपयोगी गोष्ट दुसरी नाही. मुलाची उंची थोडक्यात कमी पडत असेल, तर सहल वर्षभर पुढे ढकलणं माझ्या मते शहाणपणाचं.

आजी-आजोबांचाही असाच विचार करा. ते राइडवर बसणार नसतील, तर फक्त प्रवेशाचं किंवा ज्येष्ठांचं वेगळं तिकीट आहे का ते पाहा. कोपनहेगनचं टिवोली १८४३ पासून चालू आहे आणि तिथे आजही बागेत प्रवेश वेगळा, राइडचे पैसे वेगळे. पेनसिल्व्हेनियातल्या कनोबेल्स पार्कमध्ये तर प्रवेश आणि पार्किंग दोन्ही मोफत, जी राइड घ्याल तिचे पैसे. घरात राइडवर न बसणारी माणसं जास्त असतील, तर अशा पद्धतीचं पार्क बरंच स्वस्त पडतं. तिथे दिवसभराचा पास घ्यायचा का, हे ठरवायला साधा भागाकार पुरतो. पासची रक्कम भागिले एका राइडचे पैसे. उत्तर १२ आलं आणि तुमचं मूल सात राइडनंतर थकणारं असेल, तर पास नको.

घाबरून एक्स्प्रेस पास घेणं

रांग टाळायचा पास विकत घ्यावा का? हा प्रश्न अवघड आहे, कारण काही वेळा उत्तर खरोखर ‘हो’ असतं. डिस्नेने १९९९ मध्ये ‘फास्टपास’ आणला तेव्हा तो मोफत होता. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पार्कमध्ये त्याच्या जागी पैसे भरून घ्यायची सेवा आली. आता अनेक पार्क असा पास विकतात आणि चार जणांचा पास कधीकधी तिकिटांच्याच बरोबरीला जातो.

आधी रांगेचं गणित समजून घ्या. २४ जणांची गाडी दर दोन मिनिटांनी सुटत असेल, तर तासाला ७२० लोक बसतात. तुमच्या पुढे ३६० लोक असतील तर अर्धा तास. पण निम्म्या जागा पासवाल्यांना दिल्या, तर साध्या रांगेच्या वाट्याला तासाला ३६० जागाच येतात आणि त्याच ३६० लोकांना तास लागतो. म्हणजे पासवाले वाढले की बिनपासवाल्यांची रांग तेवढीच लोकं असूनही दुप्पट वेळ घेते. पास न घेता गर्दीच्या दिवशी जाणं म्हणूनच इतकं जड जातं.

कमी गर्दीच्या दिवशी हा पास म्हणजे पैसे वाया. वीस मिनिटांची रांग दहावर आणण्यासाठी एवढी रक्कम मोजू नये. गर्दीच्या दिवशी घेणार असाल, तर तो एका राइडला एकदाच चालतो की कितीही वेळा, आणि तुम्हाला हवी असलेली राइड त्यात आहे का, एवढं आधी वाचा. सगळ्यांसाठी घ्यायचीही गरज नसते. लहान मूल मोठ्या राइडवर बसणारच नसेल, तर त्याचा पास कशाला? आणि घेण्यापूर्वी एक तुलना जरूर करा. चौघांच्या पासची रक्कम आणि स्वस्त तारखेला जाण्यातून होणारी बचत शेजारी शेजारी मांडा. माझ्या मते बहुतेक कुटुंबांनी तारीख बदलावी आणि पास सोडून द्यावा.

काही सोयी मोफत असतात आणि लोक त्या विचारतच नाहीत. मूल लहान असेल तर एक पालक त्याच्यापाशी थांबतो, दुसरा राइड घेऊन येतो आणि मग पहिल्याला पुन्हा रांग न लावता सोडतात. अनेक मोठ्या पार्कमध्ये ही अदलाबदलीची सोय असते, पण रांगेत शिरण्यापूर्वी राइडच्या तोंडाशी कर्मचाऱ्याला विचारावं लागतं. एकट्याने बसायची तयारी असेल, तर एकट्यांची वेगळी रांग काही राइडला असते आणि ती झपाट्याने सरकते. मोठी मुलं असलेल्या घरांनी ती नक्की वापरावी.

खाणंपिणं आणि बारीकसारीक खर्च

बाहेरचं खाणं आत न्यायला मनाई असते असं धरून न चालता नियम वाचा. मनाई असली तरी बाळाचं खाणं, आजारपणातलं पथ्याचं खाणं आणि रिकामी पाण्याची बाटली बहुतेक ठिकाणी चालते. पाणी भरायच्या जागा नकाशावर आधीच खूण करून ठेवा, कारण चार माणसं दिवसभर पाणी विकत घेऊ लागली की रक्कम नकळत मोठी होते. पोटभर नाश्ता करून आत जा आणि जेवण अकराच्या सुमाराला किंवा अडीचनंतर करा. ऐन जेवणाच्या वेळी पैशांबरोबर पाऊण तासही जातो. पुन्हा पुन्हा भरून मिळणारा पेला घेताना किती वेळा भरल्यावर तो वसूल होतो ते मोजा. दोन पार्कची तुलना करताना तिकिटात काय काय येतं तेही पाहा. इंडियानातल्या हॉलिडे वर्ल्डमध्ये २००० सालापासून शीतपेयं तिकिटातच धरलेली आहेत आणि पार्किंगही मोफत आहे. अशा ठिकाणचं थोडं महाग तिकीटही शेवटी स्वस्त पडतं.

पार्किंग, लॉकर, रेनकोट, मोबाइलचं जलरोधक पाकीट, वॉटर पार्कमध्ये सक्तीचे नायलॉनचे कपडे. यातलं पार्किंग सोडलं तर सगळं घरून नेता येतं किंवा वाटून घेता येतं. चौघांना एक लॉकर पुरतो. राइडवरचा फोटो लगेच घेऊ नका. दिवसअखेर सगळे पाहा आणि एकच निवडा. राइडमधून बाहेर पडायची वाट दुकानातूनच जाते, त्यामुळे खेळण्यांचा वाद दिवसातून पाच-सहा वेळा होणार हे नक्की. मुलांच्या हातात सकाळीच ठरावीक रक्कम द्या आणि तिचं काय करायचं ते त्यांनाच ठरवू द्या. पैसे स्वतःचे झाले की मुलं फार विचारपूर्वक खर्च करतात.

मनगटी पट्ट्यात पैसे भरून खर्च करायची पद्धत असेल तर थोडे थोडे भरा. उरलेली रक्कम परत मिळते का आणि कुठल्या खिडकीवर, हे भरतानाच विचारा.

सीझन पासचा मोह

सीझन पास म्हणजे हंगामभर पुन्हा पुन्हा जाता येणारा पास. ‘दोन वेळा आलात की वसूल’ हे त्याच्याबद्दल बऱ्याचदा खरं असतं. प्रश्न असतो दुसऱ्यांदा जाणार का हा. पास चालत नाही असे दिवस कोणते, पार्किंग त्यात येतं का आणि मासिक हप्ता असेल तर मुदत संपल्यावर तो आपोआप पुढे चालू राहतो का, ही तीन उत्तरं मिळाल्याशिवाय सही करू नका. दुसऱ्या फेरीचा प्रवासखर्चही धरा. पार्क घरापासून दूर असेल तर वसुलीचं गणित तिथेच फिसकटतं.

दिवस बिघडला तर

स्वस्त तिकिटांसाठी अनोळखी विक्रेत्याकडे जाऊ नका. क्यूआर कोड दाराशी एकदाच चालतो. तोच कोड आधी कुणी वापरला असेल तर तुमच्या हातात काहीच उरत नाही. त्याच कारणाने आपल्या तिकिटाचा फोटो जायच्या आधी समाजमाध्यमांवर टाकू नका.

रांगेत असताना राइड बंद पडली तर तडक निघून जाऊ नका. तिथल्या कर्मचाऱ्याकडे नंतर परत येण्याची चिठ्ठी मागा. ती मागणाऱ्यालाच मिळते. पास घेतलेली राइड दिवसभर बंद राहिली किंवा पैसे दोनदा कापले गेले, तर मदत खिडकीवर त्याच दिवशी, फाटकाबाहेर पडण्यापूर्वी जा. पावती आणि बंद राइडच्या पाटीचा फोटो जवळ ठेवा. घरी जाऊन ईमेल करण्यापेक्षा तिथे उभं राहून बोलण्याने काम लवकर होतं.

पाऊस आला तर? वीज चमकली किंवा वारा वाढला की उंच राइड थांबवतात, पण पार्क उघडं असेपर्यंत सहसा पैसे परत मिळत नाहीत. काही पार्क राइड ठरावीक वेळ बंद राहिल्या तर दुसऱ्या दिवसाचा प्रवेश देतात. ती अट तिकीट काढतानाच वाचून ठेवा, म्हणजे खिडकीवर नेमकं काय मागायचं ते कळतं. आणि पहिल्या सरीला घरी निघू नका. पावसाने निम्मे लोक निघून जातात. तोवर बंदिस्त राइड आणि कार्यक्रम पाहून घ्या. पाऊस उघडला की उंच राइड तपासून पुन्हा सुरू करतात. त्या वेळी सगळ्यात मोठ्या राइडच्या तोंडाशी हजर असा.