टाचेमागच्या दुखण्यावर पायरीचा व्यायाम

येऊरच्या चढावर धावण्याचा सराव वाढवल्यावर माझ्या उजव्या टाचेच्या दोन-तीन बोटे वर दुखू लागले आणि सकाळची पहिली पावले ताठर पडू लागली. ठाण्यातल्या फिजिओथेरपिस्टने अकिलिस कंडरेचे, म्हणजे पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणाऱ्या जाड पट्ट्याचे, दुखणे असल्याचे सांगून, पूर्ण विश्रांतीऐवजी स्वीडनचे अस्थिशल्यचिकित्सक अल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेला व्यायाम दिला. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून दोन्ही पायांनी वर जायचे आणि उतरताना सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश पायरीखाली न्यायची. गुडघा सरळ ठेवून पंधराचे तीन संच आणि वाकवून तेवढेच, असे दिवसातून दोनदा, १२ आठवडे करायचे असते. गुडघा वाकवल्याने पोटरीतल्या खोलवरच्या सोलिअस स्नायूवर अधिक भार येतो. व्यायाम करताना थोडे दुखणे अपेक्षितच असते, आणि ते पचवणे मला सर्वांत जड गेले. पुढे सोपे वाटू लागल्यावर पाठीवरच्या पिशवीत वजन वाढवत नेले, तेव्हा सकाळचा ताठरपणा हळूहळू ओसरला. मात्र कंडरा टाचेच्या हाडाला जुळते तिथेच दुखत असेल, तर ती हाडावर दाबली जाऊ नये म्हणून टाच पायरीच्या पातळीखाली न नेता व्यायाम करावा लागतो.