तेलविहिरीवरील प्रशिक्षण: मडचे वजन आणि प्रवाहाची तपासणी

तेल व वायूच्या विहिरीवर प्रत्यक्ष काम शिकायला गेलेल्या प्रशिक्षणार्थीने ड्रिलरच्या ब्रेकच्या दांड्याकडे वळण्याआधी मड बॅलन्स (मडची घनता मोजण्याचा तराजू) हाती घ्यावा, कारण विहिरीतील दाब आवरून धरण्याचे पहिले काम ड्रिलिंग मडच (विहिरीत फिरवला जाणारा चिखलासारखा द्रव) करत असतो. प्रथम तराजूच्या कपात गोडे पाणी भरून घनता १.०० येते का, हे पाहावे. मग मडचा नमुना काठोकाठ भरावा, हवेचे बुडबुडे निघून जाण्यासाठी कप हलकेच ठोकावा आणि झाकण बसवल्यावर छिद्रातून बाहेर आलेला मड पुसून काढावा. हे पुसणे राहिले, की घनता जास्त दिसते. घनता १.२ आणि उभी खोली ३,००० मीटर असेल, तर तळाशी सुमारे ३५३ बार दाब मिळतो. (येथे विहिरीची तिरपी लांबी धरू नये, नवशिके नेमके तेच करतात.)

टाकीतील मडची पातळी कारण नसताना वाढू लागली, तर खडकातील द्रव किंवा वायू विहिरीत शिरत असू शकतो; अशा वेळी ड्रिलिंग थांबवून ड्रिल स्ट्रिंग (एकमेकांना जोडलेल्या ड्रिल पाइपांची माळ) तळापासून उचलावी, पंप बंद करावा आणि विहिरीतून मड वाहतो आहे का, हे पाहावे. प्रवाह चालूच असेल, तर ड्रिलरने कोणाच्याही परवानगीची वाट न पाहता ब्लोआउट प्रिव्हेंटर (विहिरीचे तोंड बंद करणारी झडपांची यंत्रणा) बंद करायचा असतो. ड्रिल पाइप व केसिंग (विहिरीच्या भिंतीला आधार देणारी पोलादी नळी) यांवरील दाब त्यानंतर नोंदवावेत.